बाबांनी केलेलं बाळंतपण

सुभाष पिसाळ यांनी उभ्या आयुष्यात दोन कामं मन लावून केली. एक म्हणजे नवी मुंबईत पावण्याच्या केमिकल कंपनीत बॉयलर सांभाळला. आणि दुसरं म्हणजे घाबरले. गंमत अशी, की बॉयलरवर ते कधीच घाबरले नाहीत. तिथे दाबाचा काटा लाल रेघेकडे सरकायला लागला की नवी पोरं धावपळ करायची आणि सुभाषराव स्टुलावर बसल्या बसल्या म्हणायचे, "थांब. हात लावू नको. नुसतं बघ." घरात मात्र कुणाला शिंक आली तरी यांच्या पोटात गोळा. मुलगी ईश्वरी लहानपणी सायकलवरून पडली तेव्हा रक्त आलं तिला आणि चक्कर आली यांना. त्यांच्या बायकोने, शैलाताईंनी, आधी पोरीच्या गुडघ्यावर हळद दाबली आणि मग नवऱ्याच्या तोंडावर पाणी मारलं. सानपाड्याच्या त्यांच्या सोसायटीत ही गोष्ट अजून सांगतात.

अशा माणसाने मुलीचं बाळंतपण अंगावर घेतलं, म्हटल्यावर लोक हसणारच.

घेतलं ते असं. शैलाताई जाऊन तीन वर्षं झाली होती. ईश्वरीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तिच्या सासूबाई, गीतांजली सबनीस, पेढे घेऊन नेरुळहून आल्या. बाई प्रेमळ, पण सगळं आधी ठरवून टाकायची सवय. चहा होईपर्यंत त्यांनी हॉस्पिटल, मालीशवाली आणि बारशाचा हॉलसुद्धा ठरवला. शेवटी म्हणाल्या, "आणि बाळंतपण आमच्याकडेच होईल हं. शैलाताई असत्या तर गोष्ट वेगळी. तुम्ही पुरुषमाणूस, एकटे. तुम्हाला कशाला त्रास?"

त्यांनी हे चांगल्या मनाने म्हटलं होतं. पण सुभाषरावांच्या हातातला कप थांबला. "पहिलं बाळंतपण माहेरी होतं, विहीणबाई," ते म्हणाले. "आमच्या वाईकडे तरी तसंच आहे."

"अहो पण माहेरी आहे कोण?"

"मी हाय की," सुभाषराव म्हणाले. रागावले की त्यांच्या तोंडी गावाकडची भाषा यायची.

बोलून बसले, आणि विहीणबाईंची पाठ वळल्यावर सोफ्यावर मटकन बसले. कारण बाळंतपण या शब्दाबरोबर त्यांना एकच गोष्ट आठवायची: एक किंकाळी.

ईश्वरीच्या जन्माच्या वेळची. वाशीचं एक लहानसं नर्सिंग होम, लाकडी दार, दाराबाहेर बाक. पुरुषांना आत जायची सोयच नव्हती तेव्हा. बाकावर बसलेल्या सुभाषरावांनी आतून शैलाची अशी किंकाळी ऐकली, की त्यांचे पाय आपोआप उठले आणि त्यांना घेऊन समोरच्या टपरीवर गेले. तिथे त्यांनी कटिंगवर कटिंग चहा प्यायला. परत आले तेव्हा मुलगी झालेली होती. पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक पूजेला शैलाताई ही गोष्ट रंगवून सांगायच्या. "मी आत बाळंत होतेय आणि आमचे हे बाहेर चहा पितायत! मी मोकळी झाले आणि पहिलं काय मनात आलं असेल, तर चहा. पण विचारतो कोण?" सगळे हसायचे. सुभाषरावही हसायचे. हसता हसता त्यांच्या कानात ती किंकाळी वाजायची, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शैलाताईंनाही नाही.

आता तीच किंकाळी मुलीच्या घशातून ऐकायची पाळी येणार होती.

ईश्वरी सातव्या महिन्यात माहेरी आली. महाप्याला तिचं ऑफिस, आठवड्यातून दोन-तीनदा जायची, बाकी दिवस घरून काम. तिचा नवरा ऋषी जहाजावर इंजिनीअर. तो सुट्टीवर आला होता, पण त्याला परत बोटीवर चढायचा हुकूम आला तो नेमका बाळंतपणाच्या तारखेच्या तीन आठवडे आधीचा. आणि इथून खऱ्या गोष्टीला सुरुवात झाली.

कल्पना गीतांजलीबाईंची. ऋषी जायच्या आधी, नववा महिना पुरा व्हायच्या आत, सिझर करून घ्यायचं. मुलाला आपल्या बाळाचं तोंड बघून जाता येईल. "नाहीतर बिचारा सहा महिने फोनवरच बघत बसणार. हल्ली सगळे तारीख घेऊनच करतात. आमच्या बिल्डिंगमध्ये दोघींनी केलं. त्रास नाही, टेन्शन नाही." हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मुलगा समुद्रावर असला की आईच्या जिवाला काय लागतं, हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

खरं सांगायचं तर सुभाषरावांना ही कल्पना मनापासून आवडली. ठरल्या वेळी जायचं, भूल द्यायची, बाळ घेऊन यायचं. किंकाळी नाही. ते विहीणबाईंच्या बाजूने बोलायला उठलेच होते, पण ईश्वरी म्हणाली, "आधी डॉक्टरांना विचारू."

डॉक्टर संघमित्रा लोखंडे म्हणजे फटकळ बाई, पण हसऱ्या. वाशीला त्यांचा दवाखाना, आणि बाळंतपणं तिथल्याच एका हॉस्पिटलात. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाळाची तब्येत छान, डोकं खाली, ईश्वरीचं बीपी उत्तम. मग कापायचं कारण काय? बोटीचं टाइमटेबल हे मेडिकल कारण होत नाही."

"पण त्यात नुकसान काय?" गीतांजलीबाईंनी विचारलं.

"गरज असते तेव्हा सिझर जीव वाचवतं. मीच कितीतरी केलीत, पुढेही करीन. पण ते पोटाचं मोठं ऑपरेशन आहे. रक्त जास्त जातं, जखम भरायला वेळ लागतो, आणि पुढच्या खेपेला गर्भाशयावर जुना व्रण असतो, त्याची काळजी घ्यावी लागते. शिवाय बाळाचं म्हणाल, तर कळा नुसत्या आईला छळायला येत नाहीत. त्या बाळालाही तयार करतात. त्याच्या छातीत पाणी असतं, ते कमी व्हायला लागतं, मग बाहेर आल्यावर श्वास घ्यायला सोपं जातं. येताना वाटेत आईच्या अंगावरचे चांगले जंतू मिळतात, ते पचनाला उपयोगी पडतात. आणि आई लगेच उठून बसते, लगेच पाजते. आपण आधीच खेचून काढलं तर पिकायच्या आत फळ तोडल्यासारखं."

'लगेच उठून बसते' एवढंच सुभाषरावांच्या डोक्यात घोळत राहिलं.

ऋषी शहाणा मुलगा. त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मम्मी, माझ्यासाठी हिचं पोट नको कापायला." तो ठरल्या दिवशी गेला. विमानतळावरून परतताना गीतांजलीबाई गाडीत पदराने डोळे पुसत होत्या, आणि सुभाषरावांना वाटत होतं, की काही कमीजास्त झालं तर ही बाई मला जन्मभर माफ करणार नाही. मीच मला करणार नाही.

ऋषीच्या सुट्टीतच बाळंतपणाच्या तयारीचे वर्ग सुरू झाले होते. हॉस्पिटलच्या तळघरातल्या हॉलमध्ये, दर शनिवारी. सगळ्या जोडप्यांनी यायचं. ऋषी गेल्यावर त्याच्या जागी कोण? सुभाषराव. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात चामडी चप्पल. भोवती तिशीची पोरं, हातात मोबाइल. शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं, नवऱ्यांनी बायकोच्या कमरेवर तळहाताने गोल दाब द्यायचा. सुभाषराव म्हणाले, "नवरा बोटीवर आहे, मी वडील आहे, चालेल का?" सगळा हॉल हसला. ताई म्हणाल्या, "पळेल, काका." आणि मग काकांनी असा दाब दिला, की ईश्वरी म्हणाली, "बाबा, पीठ नाही मळायचंय."

पण सुभाषराव तिथे शिकले. कंपनीतल्या ट्रेनिंगला बसायचे तसे पुढच्या रांगेत बसून शिकले. त्यांना सगळ्यात मोठा धक्का बसला तो एका साध्या गोष्टीने. ताईंनी सांगितलं, की कळ सतत नसते. येते, चढते, उतरते, जाते. मध्ये विश्रांती असते, त्या वेळात बाई पाणी पिऊ शकते, बोलू शकते, डुलकीसुद्धा घेऊ शकते. गर्भाशय आकसतं, तोंड हळूहळू उघडतं, बाळ खाली सरकतं, आणि हे सगळं शरीर आपलं आपण करतं. घाबरलं की अंग आवळतं आणि दुखणं वाढतं. चाललं, उभं राहिलं, उकिडवं बसलं की बाळाला वाट मिळते.

सुभाषरावांनी हात वर केला. "म्हणजे ओरडणं सगळा वेळ नसतं?"

"नसतं, काका."

"मग आमच्या वेळी..." एवढं बोलून त्यांनी हात खाली घेतला. इतकी वर्षं त्यांच्या कानात शैला अखंड किंचाळत होती. मध्ये ती थांबली असेल, पाणी प्यायली असेल, नर्सशी दोन शब्द बोलली असेल, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं.

त्या दिवसापासून संध्याकाळी दोघं सोसायटीच्या मागच्या बागेत फेऱ्या मारायला लागली. खालच्या मजल्यावरची अक्षता कडेवर पोरगं घेऊन कधी कधी सोबत यायची. तिचं वर्षापूर्वी सिझर झालं होतं. एकदा सुभाषरावांनी तिला भीत भीत विचारलं, "तुला बरं वाटलं का गं, सिझर झालं ते? त्रास वाचला म्हणून?"

"काका, याचे ठोके कमी व्हायला लागले म्हणून केलं. नाहीतर हा आज नसता, त्यामुळे मला त्याचं काही वाईट वाटत नाही," अक्षता म्हणाली. "पण त्रास वाचला म्हणू नका. नंतर खोकला आला की टाके धरून बसायचे. पोराला उचलायला आई लागायची. आणि त्या दिवशी तोंडाने काही देईनात. माझा जीव चहासाठी तळमळत होता हो."

सुभाषरावांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन स्टीलचा नवा थर्मास आणला.

बाकीची तयारीही त्यांनी केली. वाशीच्या एपीएमसीतल्या घाऊक मसाला बाजारातून डिंक, खारीक, हळीव आणले. लाडू बिघडले, परत केले, परत बिघडले, मग शेजारच्या काकूंनी करून दिले. शैलाताईंच्या जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून घेतली. आणि तारीख जवळ आली तेव्हा एका संध्याकाळी ईश्वरी बाकावर बसून म्हणाली, "बाबा, मला एक वचन पाहिजे."

"बोल."

"कळा जोरात आल्या की मी रडणार. मला होत नाही म्हणणार. कदाचित कापा म्हणून ओरडणार. ताई म्हणाल्या, शेवटी शेवटी सगळ्याच म्हणतात, आणि तेव्हाच बाहेरची माणसं डॉक्टरांच्या मागे लागतात. आमचं माणूस बघवत नाही, कापा. तुम्ही लागायचं नाही. बाळाला किंवा मला धोका असेल तर डॉक्टर स्वतःच सांगतील, आणि मी लगेच हो म्हणेन. पण तुम्ही घाबरलात म्हणून नाही."

सुभाषरावांनी वचन दिलं. देताना त्यांचा हात गार पडला होता, आणि तो ईश्वरीच्याच हातात असल्यामुळे ते तिलाही कळलं.

कळा पहाटे सुरू झाल्या. ईश्वरीने बाबांना उठवलं नाही, त्यांनी उठल्यावर पाहिलं तर ती खिडकीत उभी राहून हळू श्वास सोडत होती. सुभाषराव लगेच कामाला लागले. कळा नियमित आणि जवळ जवळ येईपर्यंत घरीच थांबायचं, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. तिने आंघोळ केली, मऊ भात खाल्ला. त्यांनी आलं घालून चहा केला आणि थर्मास भरून पिशवीत ठेवला. ईश्वरीने पाहिलं, पण विचारलं नाही.

हॉस्पिटलमध्ये गीतांजलीबाई आधीच येऊन बसल्या होत्या. प्रसूतिगृहात एका माणसाला सोबत राहता येत होतं. ते कोण, यावर चर्चाच झाली नाही. बाप कसा जाईल आत? सासूबाई जाणार हे ठरलेलंच होतं. दुपारपर्यंत मात्र ईश्वरी बाहेरच्या लांब व्हरांड्यात फेऱ्या घालत होती आणि सुभाषराव बरोबर चालत होते. कळ आली की ती भिंतीला हात टेकायची, ते कमरेवर तळहात ठेवायचे. "येतीय... चढली... उतरली... गेली." बॉयलरवर बोलायचे तशा शांत आवाजात. कळ गेली की ती चक्क हसायची. नर्स मधूनमधून येऊन बाळाचे ठोके ऐकायची आणि ठीक आहे म्हणून जायची.

"पिसाळ, त्या थर्मासमध्ये चहा आहे ना? घोटभर द्या की," गीतांजलीबाई म्हणाल्या.

"तो नाही देता येणार, विहीणबाई. कॅन्टीनमधून आणून देऊ का?"

"असा काय मोलाचा चहा आहे?"

"आहे," सुभाषराव म्हणाले आणि पिशवीची चेन ओढली. विहीणबाई जरा रुसल्याच.

ऊन कलायला लागलं तशा कळा वाढल्या. ईश्वरीला आत नेलं, गीतांजलीबाई बरोबर गेल्या आणि दार बंद झालं. सुभाषराव बाकावर बसले. तीस वर्षांपूर्वीचंच दार जणू, नुसता रंग बदललेला. आतून आधी कण्हणं आलं. मग रडणं. मग ईश्वरीचा आवाज, "मम्मी, मला नाही जमत. मला नाही जमत हो." आणि मग ती किंकाळी आली. तीच.

सुभाषराव उठून उभे राहिले. पायांना सवय होती. जिन्याच्या दिशेने दोन पावलं गेलीही.

तेवढ्यात दार उघडलं आणि गीतांजलीबाई बाहेर आल्या. पदर डोळ्यांना लावलेला. "मला नाही बघवत, पिसाळ. पोरगी कापा म्हणून ओरडतेय. मीच म्हटलं होतं, आधीच करून घ्या. तुम्ही सांगा डॉक्टरांना. बापाचं ऐकतील त्या."

सुभाषरावांना वचन आठवलं, आणि वचन देताना आपण किती सोपं समजलो होतो तेही आठवलं. ते खरंच डॉक्टरांच्या खोलीकडे गेले. डॉक्टर संघमित्रा हातमोजे चढवत बाहेरच येत होत्या. सुभाषरावांनी हात जोडले. "मॅडम, धोका आहे का?"

कापा, असं म्हणायला ते गेले होते. तोंडातून आलं ते हे. कसं आलं, देव जाणे.

"नाही, काका. आत्ताच पाहिलं मी. बाळाचे ठोके चांगले, तोंड जवळजवळ पूर्ण उघडलंय. हाच सगळ्यात अवघड टप्पा असतो, आणि तोच शेवटचा. मी तिला परत विचारते. तिला खरंच पुढे जायचं नसेल तर दुसरं बघू. पण तिच्याजवळ आत्ता कुणीच नाहीये. तुमच्या विहीणबाई बाहेर आल्या ना?"

सुभाषरावांनी दाराकडे पाहिलं. विहीणबाई बाकावर कोसळून रडत होत्या. "मी कसा जाणार? मी बाप आहे तिचा."

"डोक्याशी उभं राहायचं. तोंडाकडे बघायचं. बाकीचं आम्ही बघतो," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढे गेल्यासुद्धा.

सुभाषरावांनी चप्पल काढली. देवळात जाताना काढतात तशी, सवयीने. नर्सने गाऊन चढवला, पायात कापडी पिशव्या घातल्या. आत गेले तर ईश्वरीचे केस घामाने कपाळाला चिकटलेले, डोळे मिटलेले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने डोळे उघडले.

"बाबा, सांगा ना त्यांना. नाही होत मला."

डॉक्टर वाकून म्हणाल्या, "ईश्वरी, तू आणि बाळ, दोघं उत्तम आहात. थोडंच राहिलंय. थांबूया की पुढे जाऊया, तू सांग."

ईश्वरीने बाबांकडे पाहिलं. सुभाषरावांना म्हणावंसं वाटलं, पुरे कर, माझे राजा, पुरे कर. जीभ दातांखाली धरली. "ही आत्ताची गेली बघ," ते म्हणाले. "उतरली. आता काही नाहीये. आता श्वास घे. पुढची येईल तेव्हा बघू."

ती श्वास घेत राहिली. मग तिने डॉक्टरांना सांगितलं, "जाऊया."

त्यानंतरच्या गोष्टी सुभाषरावांना नीट सांगता येत नाहीत, पण एक सांगतात. पुढची कळ आली, ईश्वरी अर्धी उठून बसली, त्यांचा हात मोडेल एवढा दाबला आणि तिच्या घशातून पुन्हा तो आवाज आला. त्यांनी आयुष्यभर ज्याची धास्ती घेतली तो आवाज. पण या खेपेला ते दाराच्या आत होते आणि तिचं तोंड त्यांच्या समोर होतं. आणि त्यांनी पाहिलं, की ती घाबरून ओरडत नाहीये. एपीएमसीत हमाल भरलेली गोणी पाठीवर घेताना पोटातून जो हुंकार काढतात, तसा तो होता. सगळं बळ एका ठिकाणी आणल्याचा. बंद दाराबाहेरून ऐकला, की त्याचीच किंकाळी होते. शैलाने त्या दिवशी हेच केलं होतं. ती मरत नव्हती, ती काम करत होती. आणि हे टपरीवर उभे राहून, ती जाते की काय या भीतीने, चहा पीत रडत होते.

सुभाषराव तिथे रडले ते या गोष्टीसाठी. नर्सला वाटलं, आजोबा झाले म्हणून.

मुलगी झाली. डॉक्टरांनी तिला तशीच ओली, नाळेसकट ईश्वरीच्या छातीवर ठेवली. पोर आधी किंचाळली, मग आईच्या अंगाची ऊब लागल्यावर गप्प झाली आणि तोंड इकडेतिकडे फिरवत दूध शोधायला लागली. कुणी शिकवलं नव्हतं तिला. नाळेचे ठोके थांबल्यावर ती कापली, वार पडली, एक-दोन टाके घातले. ईश्वरी तोवर बाळाच्या पाठीवरून बोट फिरवत होती. मघाशी कापा म्हणून ओरडणारी हीच का, असं वाटावं इतकं तिचं तोंड निवळलं होतं.

गीतांजलीबाई आत आल्या, बाळाला पाहिलं आणि लगेच ऋषीला फोन लावायला लागल्या. बोटीवर रेंज नव्हती. तरी लावत राहिल्या. मग सुभाषरावांजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मी बाहेर पळाले हो. तुम्ही थांबलात."

"मी पण पळालो होतो, विहीणबाई," सुभाषराव म्हणाले. "फक्त मला दुसऱ्यांदा संधी मिळाली."

थोड्या वेळाने ईश्वरीला खोलीत आणलं. ती उशीला टेकून उठून बसली. बाळ कुशीत. सुभाषरावांनी पिशवीची चेन उघडली, थर्मास काढला, झाकणात चहा ओतला. पहाटेचा चहा तो, कोमट झालेला, आल्याने कडवट झालेला. पार्लेचा पुडाही काढला. त्यांनी नर्सकडे पाहिलं. नर्स म्हणाली, "द्या की. नॉर्मल झालीय, काय हवं ते खाऊ-पिऊ दे."

ईश्वरी झाकणाकडे बघत राहिली. आता तिला कळलं. आईच्या तोंडून ती गोष्ट तिने शंभरदा ऐकली होती. तिने बिस्कीट बुडवून खाल्लं, चहाचा मोठा घोट घेतला आणि डोळे मिटले.

"कसा झालाय?" सुभाषरावांनी विचारलं.

"गार आहे. कडू पण आहे." ती परत प्यायली. "बाबा, इतका छान चहा मी आजवर प्यायले नाही."

मग तिने झाकण त्यांच्यापुढे धरलं. त्यात अर्धा चहा उरला होता. "हा आईचा," ती म्हणाली. "तुम्हीच प्या."

सुभाषरावांनी झाकण दोन्ही हातांनी घेतलं. सकाळपासून त्यांनी पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. ते पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले आणि सावकाश, आवाज न करता, शेवटच्या थेंबापर्यंत तो चहा प्यायले.